दप्तर

या काउंटीचं दप्तर माझ्या ताब्यात आहे:
अठरा जाड वह्या, दोन लोखंडी कपाटं,
आणि खिडकीत मरून पडलेली एक गांधीलमाशी,
जिची नोंद अजून केलेली नाही.

क्षेत्रफळ अठराशे चौरस मैल.
माणसं चारशे सहा.
सोमवारी आर्लो ट्वेट गेला, म्हणजे चारशे पाच.
गुरं आम्ही मोजत नाही;
मोजली तर बहुमत त्यांचंच निघेल.

उत्तरेला नदी. नाव बारमाही, पाणी जुलैपर्यंत.
दक्षिणेची हद्द म्हणजे कुणा मोजणीदारानं
भर उन्हात, घरी जायच्या घाईत
पट्टी ठेवून ओढलेली रेघ.
तिच्या अल्याडचं नि पल्याडचं गवत
एकाच बाजूला झुकतं.

मधे टेकड्या.
टेकडी म्हणजे वाळूच्या पाठीवर गवतानं ठेवलेला हात.
हात उचलला की वाळू चालू लागते.
लकोटांना हे ठाऊक होतं.
त्यांचं एकही नाव माझ्या वह्यांत नाही,
फक्त जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: जुनी वाट.
कुठून कुठे, ते लिहायला मोजणीदार विसरला.
किंवा विसरला नाही.

मग रेल्वे आली.
रेल्वेच्या जाहिरातीत सफरचंदं होती, लालभडक.
ती बघून बोहेमियातून आले, व्होल्गाकाठून आले,
कुणी पियानो आणला, कुणी फक्त दाई.
एकशे साठ एकर; पाच वर्षं तग धरा, मग तुमची.
वही तीनमध्ये त्यांची नावं,
वही चारमध्ये त्याच नावांपुढे "सोडून गेले",
त्याच हस्ताक्षरात, त्याच शाईत.
लिहिणाऱ्याचा हात कुठेही थरथरलेला नाही.
वही पाचमध्ये मात्र त्याचंही नाव आहे.

वही एक नाही.

ती बेथेलला होती, तिजोरीत.
अठराशे एकोणनव्वदचा जानेवारी.
ज्या गावात दप्तर, ते मुख्य गाव, असा कायदा;
म्हणून क्रॉनची सात माणसं रात्री घसरगाडी घेऊन आली
आणि तिजोरीच उचलून निघाली.
नदीवर बर्फ होता.
तिजोरीइतका नव्हता.
माणसं वाचली, खेचरं बुडाली,
आणि एकोणीस महिन्यांतले सगळे जन्म, सगळी लग्नं,
एका घोडाचोराची फाशी
वाळूत गेली.
क्रॉन मुख्य गाव झालं. मी तिथेच बसते.
बेथेलला आता लायलॅकची दोन झुडपं आहेत,
मे महिन्यात कुणाच्या तरी अंगणासारखी फुलतात.

आर्लोची आजी इंगेबोर्ग हिचं लग्न त्या एकोणीस महिन्यांतलं.
नवरा मेल्यावर ती या कचेरीत आली.
उतारा द्या, म्हणाली.
तेव्हाचा कारकून म्हणाला, नोंद नाही.
अकरा मुलांची आई समोर उभी होती,
आणि नोंद नव्हती.

तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये, पात्र कोरडं पडलं की,
ट्वेटांपैकी कुणीतरी नदीत सळई खुपसत हिंडायचं.
आधी बाप, मग आर्लो, एकूणसाठ ऑगस्ट.
पण नदी काय एका जागी राहते?
शंभर वर्षांत ती पाऊण मैल सरकली,
आपलं जुनं अंथरूण कुणाच्या तरी गवतात टाकून.
मी एकदा त्याला म्हटलं, आर्लो, नकाशाप्रमाणे तू चुकीच्या नदीत शोधतोयस.
तो म्हणाला, माहीत आहे.
गार वाटतं तिथे.

काल त्याची भाची मारित आली.
मृत्यूचा दाखला नेला,
आणि सात फुटी सळई माझ्या टेबलाला टेकवून ठेवली.
मामा म्हणाला होता, दप्तरी जमा करा.

कुठल्या वहीत?
मी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
ती गेली तेव्हा रस्त्यावरची धूळ
बाराव्या मैलापर्यंत दिसत होती.

सळईच्या टोकाला लागलेली वाळू सुकून
फरशीवर पडली आहे, चिमूटभर.
मी अजून झाडलेली नाही.
काउंटीच्या मालमत्तेत वाळू धरायची की नाही
ते वकिलाला विचारावं लागेल.
वकील गुरुवारी येतो.
रस्ता उघडा असला तर.